एका सेमिस्टरसाठी सिंगापूर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या कॉलेजांमधून एका सेमिस्टरसाठी सिंगापूरला जाणारी मुलं-मुली आणि त्यांचे आईबाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका ठिकाणी आणले आहेत. खाली डॉलर म्हणजे सिंगापूरचा डॉलर. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक डॉलर ७० रुपयांचा धरला आहे. फी आणि नियम बदलत राहतात. पैसे भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचं पत्र आणि आयसीए, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ, त्या दिवशी पुन्हा पाहा.

१. एक्सचेंज असेल तर तिथली फी भरावी लागते का?

आपलं कॉलेज आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार असेल, तर शिकवणीची फी नेहमीप्रमाणे नागपुरातच भरायची आणि तिथली माफ. राहणं, जेवण, विमा, पास (म्हणजे तिथे शिकण्याचा सरकारी परवाना, प्रश्न ७ पाहा) आणि काही किरकोळ विद्यापीठ शुल्क मात्र आपलं आपल्याला. करार नसताना स्वतःहून अर्ज केला, तर 'नॉन-ग्रॅज्युएटिंग', म्हणजे तिथली पदवी न घेणारा विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळू शकतो, पण मग तिथली पूर्ण फी लागते आणि सगळं गणितच बदलतं. म्हणून पहिलं काम एकच: आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात किंवा डीनकडे जाऊन करार चालू आहे का आणि आपली शाखा त्यात बसते का, हे लेखी विचारा. "आमचं टायअप आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका. जुना करार संपलेला असतो, किंवा तो फक्त एमबीएसाठी असतो.

२. ऑगस्टचं सेमिस्टर घ्यावं की जानेवारीचं?

सिंगापूरचं पहिलं सेमिस्टर ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात, दुसरं जानेवारी ते मेची सुरुवात. एनयूएस आणि एनटीयू या दोन्ही मोठ्या विद्यापीठांत १३ आठवडे शिकवणी, मध्ये एक आठवडा सुट्टी आणि शेवटी परीक्षा, असा साचा आहे.

नागपूरकरांची अडचण जानेवारीत होते. आपल्या हिवाळी परीक्षा लांबल्या की त्या जानेवारीत शिरतात, आणि तिथे वर्ग सुरू झालेले असतात. शिवाय तिथला पहिला आठवडा 'नुसती ओळख' नसतो. ट्युटोरियलच्या जागा आणि विषय बदलायची मुदत पहिल्या दोन आठवड्यांतच संपते. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल आणि वेळापत्रकाची खात्री नसेल, तर ऑगस्ट बरा. स्वतःच्या परीक्षा स्वतः घेणाऱ्या स्वायत्त संस्थांमध्ये जानेवारीही चालतो. अंतिम वर्षाला असाल तर कॅम्पस प्लेसमेंटच्या तारखा आधी पाहा, कारण बऱ्याच कंपन्या नेमक्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात.

३. तिथले विषय इथे धरतात का? सेमिस्टर वाया तर जाणार नाही?

सेमिस्टर वाया जातं ते बहुतेक वेळा तिथे नापास झाल्यामुळे नाही, तर इथली मंजुरी आधी न घेतल्यामुळे. क्रम असा ठेवा.

तिथल्या विषयांची यादी पाहून, चार विषय हवे असतील तर आठ ते दहा निवडा. एक्सचेंजवाल्यांना हवे ते सगळे विषय मिळत नाहीत. कुठे आधीचा विषय केलेला लागतो, कुठे जागा भरलेल्या असतात, कुठे दोन परीक्षा एकाच वेळी येतात. प्रत्येक विषयाचा आठवडावार अभ्यासक्रम छापून घ्या आणि आपल्या कोणत्या विषयाच्या जागी तो बसतो, असा दोन रकान्यांचा तक्ता करा. त्यावर विभागप्रमुखांची आणि परीक्षा विभागाची सही-शिक्का घ्या. विभागप्रमुखांनी हो म्हटलं आणि परीक्षा विभागाने सहा महिन्यांनी नाही म्हटलं, असं होतं, म्हणून दोघांचीही सही हवी.

क्रेडिटचं गणित: एनयूएसचा नेहमीचा विषय ४ युनिटचा असतो, म्हणजे आठवड्याला अंदाजे १० तासांचं काम, १३ आठवड्यांत १३० तास. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट ३० तासांचं. म्हणजे तिथला एक विषय आपल्याकडे साधारण ४ क्रेडिटचा म्हणून मांडता येतो. हे तासांचं गणित तक्त्याखाली लिहून दिलं की मंजुरीला वेळ लागत नाही.

शेवटचा मुद्दा गुणांचा. तिथे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड देतात आणि वर्ग हुशार असतो. आपलं कॉलेज ग्रेड बदलून सीजीपीएत धरणार की फक्त 'उत्तीर्ण' लिहिणार, हे जाण्याआधी ठरवून घ्या. निवड आपल्या हातात असेल तर 'उत्तीर्ण' घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मग धडधडत्या छातीने सोपे विषय शोधण्यापेक्षा, आपल्याकडे शिकायला न मिळणारे विषय घेता येतात.

४. एकूण किती पैसे लागतात? कमीत कमी आकडा सांगा.

महिन्याचा साधा हिशेब: हॉस्टेलची खोली ५०० ते ९०० डॉलर, जेवण ३५० ते ५००, बस-मेट्रो ६० ते १००, मोबाइल १५ ते २५, आणि साबणापासून प्रिंटआउटपर्यंत इतर १५० च्या आसपास. काटकसरीने राहणाऱ्याला महिना १,१०० ते १,३०० डॉलरमध्ये भागवता येतो, सैल हाताने १,६०० सहज जातात. पाच महिन्यांचे साडेपाच ते आठ हजार डॉलर. त्यात जाण्यायेण्याचं तिकीट, पास, विमा आणि हॉस्टेलचं डिपॉझिट मिळवलं की साडेचार ते साडेसहा लाख रुपये हाताशी हवेत.

यातला सगळ्यात मोठा आकडा खोलीचा आहे. चहा आणि बसवर कितीही वाचवलं, तरी बाहेर १,३०० डॉलरची खोली घ्यावी लागली की सगळी बचत पहिल्याच महिन्यात संपते. म्हणून प्रश्न ५ आणि ६ नीट वाचा.

हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग ९ टक्के जीएसटी लागतो. १५ डॉलरची थाळी अठरा डॉलरला पडते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक खाऊगल्लीत, पाटीवरचाच भाव.

५. हॉस्टेल नक्की मिळतं का? अर्ज कधी करायचा?

नक्की नाही. एक्सचेंज विद्यार्थ्यांसाठी काही जागा असतात, पण अर्जाची खिडकी छोटी असते आणि ती बऱ्याचदा प्रवेशपत्रानंतर लगेच उघडते. पत्र आलं त्याच दिवशी हॉस्टेलच्या तारखा वहीत लिहा आणि पहिल्या दिवशीच अर्ज करा. पर्याय भरताना फक्त एसी आणि सिंगल रूम मागू नका. पंख्याची आणि दोघांची खोली स्वस्त असते, आणि ती मिळण्याची शक्यताही जास्त.

एक गोष्ट आधी तपासा: काही हॉल्समध्ये रोजच्या दोन जेवणांचे पैसे सक्तीने घेतात. शाकाहारी किंवा जैन असाल तर ज्या इमारतीत सामायिक स्वयंपाकघर आहे आणि जेवणाची सक्ती नाही, तीच वर ठेवा. खोलीत शेगडी किंवा राइस कुकर लावायला बंदी असते. पकडलं तर दंड होतो.

विद्यापीठाची जागाही खर्चावर परिणाम करते. एनटीयू शहराच्या पश्चिम टोकाला आहे, तिथून मध्यवस्तीत जायला तासभर लागतो, पण कॅम्पसवरच सगळं मिळतं. एनयूएस नैऋत्येकडच्या केंट रिज भागात. एसएमयू, म्हणजे सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटी, अगदी शहराच्या मध्यात, म्हणून तिथे राहण्याचा प्रश्न सगळ्यात महाग.

६. हॉस्टेल नाही मिळालं. फेसबुकवर एक खोली दिसते आहे, ७०० डॉलर, एचडीबीमध्ये, चार महिन्यांसाठी. घेऊ का?

नका घेऊ. एचडीबी हे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाचे फ्लॅट. बहुतेक सिंगापूरकर त्यांतच राहतात, आणि खोल्याही तिथेच स्वस्त. पण एचडीबीत भाडेकरार कमीत कमी सहा महिन्यांचा लागतो, आणि परदेशी भाडेकरूच्या पासची मुदतही अर्जाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी. एका सेमिस्टरचा पास त्यात सहसा बसत नाही. म्हणजे चार महिन्यांसाठी 'चालतं' म्हणणारा एकतर नियम मोडतो आहे, नाहीतर फसवतो आहे. दोन्ही बाबतींत रस्त्यावर येणार तुम्हीच.

खासगी इमारतींमध्ये, ज्यांना तिथे कॉन्डो म्हणतात, किमान मुदत तीन महिने. तिथे एका सेमिस्टरचा करार कायद्यात बसतो, पण खोली १,००० ते १,६०० डॉलरची. दोघांनी मिळून एक मोठी खोली घेतली तर परवडू शकतं. विद्यार्थ्यांसाठीची खासगी वसतिगृहं हाही पर्याय आहे.

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे: सुंदर फोटो, बाजारापेक्षा तीस टक्के कमी भाडं, "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियर करतो." एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक आणि फोन तिथल्या सीईए या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत जुळतो का पाहा. नाव जुळतं आणि फोन जुळत नाही, तर तो दुसऱ्याच्या नावाने बोलतो आहे. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. पहिला आठवडा प्रवाशांसाठीच्या साध्या होस्टेलमध्ये काढून खोली शोधणं महाग वाटतं, पण बुडालेल्या डिपॉझिटपेक्षा स्वस्त पडतं.

७. व्हिसा कसा काढायचा? त्यासाठी मुंबईला जावं लागतं का?

सिंगापूरच्या एक्सचेंजसाठी स्टुडंट्स पास लागतो, आणि तो ऑनलाइन मिळतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन वर्गात बसता येत नाही. पायऱ्या अशा:

आधी विद्यापीठ तुमचं नाव आयसीएच्या सोलार या प्रणालीत नोंदवतं आणि तुम्हाला नोंदणी क्रमांक कळवतं. तोवर तुम्हाला काहीच करता येत नाही. क्रमांक आल्यावर फॉर्म भरायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा पासपोर्ट फोटो चढवायचा, अर्जाची फी कार्डाने भरायची. हे सगळं वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने ते एक महिना आधी. मंजुरीचं पत्र येतं, त्याला आयपीए म्हणतात. भारतीय पासपोर्टवर हेच पत्र एकदा प्रवेश करायला व्हिसा म्हणून चालतं. छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. नागपूर विमानतळावरच ते मागू शकतात. वैद्यकीय तपासणी लागणार का, हे त्याच पत्रात लिहिलेलं असतं. तिथे पोहोचल्यावर उरलेल्या औपचारिकता पूर्ण करायच्या. पास डिजिटल असतो, कार्ड मिळत नाही. सगळी फी मिळून दीडशे डॉलरच्या आत बसते.

याशिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं आहेत, त्यांत अडकू नका.

८. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. अडचण येईल का?

मार्कशीटमुळे नाही, फॉर्म भरताना घोळ घातला तर येईल. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर मात्र 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि 'सरनेम' मध्ये आडनाव. तिथल्या विद्यापीठाच्या पहिल्या अर्जापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, वडिलांच्या नावासकट. विद्यापीठाने सोलारमध्ये एक नाव टाकलं आणि तुम्ही फॉर्ममध्ये दुसरं, तर अर्ज जुळतच नाही आणि दुरुस्तीत दोन आठवडे जातात.

पासपोर्टच नसेल, तर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ आजच घ्या. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला आणखी २,०००.

९. पैसे कसे पाठवायचे? टीसीएस कापतात म्हणे.

टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. बँकेत ए-टू, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरून शिक्षणाच्या कारणाखाली पाठवा. हॉस्टेल आणि राहण्याचा खर्च त्यातच येतो. कारण 'भेट' किंवा 'पर्यटन' असं लिहू नका. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, आणि एका सेमिस्टरचा खर्च सहसा त्याच्या आतच असतो. वडिलांच्या पॅनवर त्याच वर्षी दुसऱ्या कशासाठी पैसे परदेशी गेले असतील तर मात्र ते एकत्र मोजले जातात. मग आईच्या खात्यातून पाठवलेलं बरं.

हॉस्टेलचं बिल थेट बँकेतून, रोजच्या खर्चासाठी सिंगापूर डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड, आणि जवळ दोनशे डॉलर रोख, ही मांडणी पुरते. आपलं साधं डेबिट कार्ड तिथे चालतं, पण प्रत्येक वेळी चलनबदलाचं शुल्क लागतं. ते फक्त अडीअडचणीला.

१०. तिथे यूपीआय चालतं का?

काही दुकानांत चालतं, मुख्यतः लिटिल इंडिया भागात. त्यावर विसंबू नका. फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय आणि तिथलं पेनाऊ, म्हणजे त्यांचं यूपीआयसारखं झटपट पैसे पाठवायचं साधन, जोडलेलं आहे. काही भारतीय बँकांमधून रोज साधारण हजार डॉलरपर्यंत लगेच पाठवता येतात, पण समोर पेनाऊ असलेलं सिंगापूरचं खातं लागतं. पाच महिन्यांसाठी खातं उघडायचं का, हे त्यावर ठरवा. मित्रांत जेवणाचं बिल वाटून घ्यायलाही पेनाऊच लागतं, म्हणून बरेच जण उघडतात.

नागपूरचा मोबाइल नंबर मात्र चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. तिथे गेल्यावर ते सुरू करायलाही ओटीपीच लागतो.

११. नागपूरहून थेट विमान आहे का? सामान किती?

थेट नाही. मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यावरून जावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं काढली तर नागपूरच्या विमानाला १५ किलोची मर्यादा लागते आणि पुढच्याला २५-३० किलोची, म्हणजे जास्तीचं वजन नागपुरातच भरावं लागतं. पहिलं विमान उशिरा झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही.

१२. सावजी मसाला, अनारसे, खर्रा... काय नेता येतं?

इथे गंमत करू नका, सिंगापूरचे नियम कडक आहेत.

खसखस. तपासणी आणि पूर्वपरवानगीशिवाय ती तिथे आणता येत नाही, कारण तिच्यात अफूचे अंश असू शकतात. आणि आपल्याकडे खसखस कुठे नसते! सावजी मसाल्यात असते, काळ्या मसाल्यात असते, दिवाळीच्या अनारशांवर तर डोळ्यांना दिसते. घरी दळलेला मसाला द्यायचाच असेल तर आईला तो खसखस न घालता वेगळा दळायला सांगा. पाकीटबंद मसाल्यावरची घटकांची यादी वाचा. दिवाळीला कुरियरने फराळ पाठवणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं.

खर्रा, गुटखा, तंबाखूची पुडी: बंदी. एकही नाही. सिगारेटवर करमाफी नाही, एक पाकीट नेलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बाळगणंही गुन्हा आहे. च्युइंगम नेऊ नका. भारतातून मटण-चिकन कोणत्याही रूपात नेता येत नाही, सुकं किंवा शिजवलेलंही.

चिवडा, संत्रा बर्फी, खसखस नसलेली भाकरवडी आणि चटणी, डाळ-तांदूळ: आनंदाने न्या. पण डाळ-तांदळात वजन घालवू नका, ते सगळं लिटिल इंडियात मिळतं. पोहेसुद्धा.

१३. रोजची औषधं पाच महिन्यांची नेऊ का?

साधी औषधं साधारण तीन महिने पुरतील एवढी, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, फक्त कंपनीचं नाव असेल तर तिथे ओळखू येत नाही. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, चिंता किंवा एकाग्रतेसाठीची काही औषधं यांना तिथल्या एचएसए या औषध नियामक संस्थेची आधी परवानगी लागते. अर्ज निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी करा.

१४. शुद्ध शाकाहारी मुलीचं कसं होईल?

नीट होईल, पण 'व्हेज' हा शब्द तिथे पुरत नाही. भाज्यांच्या नूडल्समध्ये अंडं असतं, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस किंवा वाळवलेली कोळंबी कुटून केलेला बलाचान असतो, आणि भात वाढताना वरून सुकी बारीक मासळी टाकतात. विचारताना "मांस नको, मासे नको, अंडं नको, ऑयस्टर सॉस नको" असं एकेक सांगावं. चिनी शाकाहारी स्टॉलवर ४ ते ६ डॉलरमध्ये भात आणि तीन भाज्या मिळतात. त्यातला मटणासारखा दिसणारा तुकडा सोयाबीनचा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना हे स्टॉल अनेकदा सोयीचे पडतात, तरी एकदा विचारून घ्यावं. कॅन्टीनच्या दक्षिण भारतीय स्टॉलवरचे डोसा आणि पराठा रोजचा आधार.

१५. पार्टटाइम काम करून खर्च भागवता येईल का?

नाही. एक्सचेंजवर आलेल्याने काम करायचं नाही, असंच धरून चाला. डिलिव्हरी, शिकवण्या, रोख पैशांवर हॉटेलात काम, यांतलं काहीही पकडलं तर पास रद्द होतो. शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या पूर्ण पदवीसाठी असतात, एका सेमिस्टरला लागू होत नाहीत. कराराखाली यजमान विद्यापीठ काही देतं का, ते विचारा.

१६. शनिवार-रविवार मलेशियाला जाऊन येता येईल?

पासची औपचारिकता पूर्ण झाल्यानंतर. आयपीए पत्र एकाच प्रवेशाचं असतं. ते वापरून आत आलात आणि पास हाती येण्याआधी जोहोर बाहरूला, म्हणजे सीमेपलीकडच्या मलेशियन शहरात, फिरायला गेलात, तर परत येताना सीमेवर अडकाल. भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा नको, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे. त्यांचं डिजिटल आगमनपत्र मात्र आधी भरावं लागतं. शुक्रवार संध्याकाळी दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर तासन्‌तास रांग असते, शनिवारी पहाटे निघा.

१७. नागपूरचा उन्हाळा काढलेल्याला तिथल्या उकाड्याचं काय?

तापमान वर्षभर २४ ते ३३ अंश, पण हवा दमट. घाम वाळत नाही. सुती कपडे जास्त न्या, आणि एक स्वेटर नक्की, कारण वाचनालय आणि वर्गात एसी फार थंड असतो. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही.

१८. मुलगी एकटी जाते आहे. रात्री सुरक्षित आहे का?

रात्री अकराच्या मेट्रोत मुली एकट्या फिरतात. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९५. तिथली वेळ आपल्या अडीच तास पुढे आहे. आपण रात्री नऊला फोन केला, तर तिथे साडेअकरा झालेले असतात. वेळ आधी ठरवून घ्या, म्हणजे फोन न उचलल्याने घरी घबराट होत नाही. महाराष्ट्र मंडळ सिंगापूर गणपती-दिवाळीचे कार्यक्रम करतं, ओळखी तिथे होतात.

१९. मध्येच परत यावं लागलं तर?

आधी दोन्हीकडच्या समन्वयकांना ईमेल, मग तिकीट. न सांगता निघालात तर तिथल्या निकालपत्रकावर 'अनुत्तीर्ण' येतं आणि इथे तेच धरलं जातं. ठरावीक मुदतीत विषय मागे घेतले तर तो शिक्का टळू शकतो. हॉस्टेलचे उरलेले पैसे बहुतेक परत मिळत नाहीत. आजारपणात भरती व्हावं लागलं तर विद्यापीठाचा विमा काय देतो आणि काय देत नाही, हे पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा. परदेशी विद्यार्थ्याला तिथलं खासगी रुग्णालय परवडत नाही.

२०. परत येताना काय काय बंद करायचं?

अभ्यासक्रम संपल्यापासून सात दिवसांत स्टुडंट्स पास रद्द करायचा. विद्यापीठ ते परस्पर करतं की तुम्हाला करायचं आहे, विचारून घ्या. परीक्षेनंतर महिनाभर फिरायचा बेत असेल, तर तो पासवर होत नाही, वेगळी परवानगी लागते. खोली सोडण्याआधी भिंती आणि गादीचे तारखेसह फोटो काढा. डिपॉझिट भारतातल्या खात्यात यायला वेळ लागतो, म्हणून सिंगापूरचं खातं त्याआधी बंद करू नका. निकाल परीक्षेनंतर साधारण महिनाभराने लागतो. ट्रान्सक्रिप्ट थेट आपल्या परीक्षा विभागाला पाठवायला सांगा, एक प्रत स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि प्रश्न ३ मधला सही-शिक्क्याचा तक्ता त्यासोबत जोडून द्या. नागपुरात उतरल्यावर त्याच आठवड्यात हे करा, कारण पुढच्या सेमिस्टरचे परीक्षा अर्ज सुरू झाले की परीक्षा विभागात दुसरं काही ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो.